गाडीला विमा, घर उघडं: या चुका टाळा

"दहा वर्षं विमा भरतोय साहेब, एक रुपया परत मिळाला नाही. कशाला भरायचा?" महिन्यातून चार वेळा तरी हे ऐकतो. मी सर्व्हेअर आहे. नुकसान झालं की विमा कंपनी पाहणीला ज्याला पाठवते, तो माणूस. पॉलिसी मी विकत नाही आणि पैसे मंजूर करणंही माझ्या हातात नाही. मी बघतो, मोजतो, फोटो काढतो, अहवाल देतो. वीसेक वर्षं कोकणात आणि घाटावर हेच करतोय, आणि माणसं त्याच त्या चुका करताना बघून जीव तुटतो.

विमा परवडतो का, याचं माझं उत्तर सरळ आहे. जे नुकसान झालं तर महिन्याच्या पगारातून भरून निघेल, त्याचा विमा नसला तरी चालेल. ज्याने संसार दहा वर्षं मागे जाईल, त्याचा हवाच. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. बंपरच्या ओरखड्यासाठी हौसेने झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारी जादा जोड) घेतात आणि आयुष्यभराच्या कमाईचं घर विम्याशिवाय ठेवतात.

बुडालेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवणं

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी पहाटे शहरात शिरलं. पाणी उतरल्यावर मी पोचलो तेव्हा रस्त्यावर घोट्याच्या वर गाळ होता. एका इमारतीच्या पार्किंगमध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. दोन्हींच्या दारांवर सीटच्या थोडी वर, एकाच उंचीवर गाळाची रेघ. दोन्ही गाड्या बंद स्थितीत बुडालेल्या, दोन्हींना फुल इन्शुरन्स, दोन्ही पॉलिसींत इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर पैसे देणारी जादा जोड) नाही.

पहिली गाडी एका शिक्षिका बाईंची. पाणी ओसरल्यावर त्यांनी भावाकडून बॅटरीची वायर सोडवून घेतली, चार बाजूंनी फोटो काढले, कंपनीला फोन केला आणि टोइंगची गाडी येईपर्यंत दाराला हातही लावला नाही. त्यांची गाडी वर्कशॉपला उघडली, इंजिन धुतलं, सगळी ऑइलं बदलली, सीट आणि वायरिंगचं काम झालं. घसारा आणि ठरलेली हजार रुपयांची कपात सोडून बाकीचं कंपनीने दिलं.

दुसऱ्या गाडीच्या मालकाने किल्ली फिरवली होती. एकदाच, तो मला पुनःपुन्हा सांगत होता. मी डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं पांढुरकं झालेलं. एअर फिल्टर चिखलाने भरलेला. इंजिन उघडल्यावर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की तो जोर रॉडवर येतो. पॉलिसीच्या भाषेत पुराने केलेलं नुकसान वेगळं आणि त्यानंतर गाडी सुरू करायला गेल्यामुळे झालेलं वेगळं. आतल्या सीटचे, वायरिंगचे पैसे त्यालाही मिळाले. इंजिनाचं मोठं बिल त्याच्या अंगावर पडलं. "मी फक्त किल्ली फिरवली हो," एवढंच तो म्हणत राहिला. मी अहवालात खोटं लिहू शकत नव्हतो.

तेव्हापासून मला कुणी पावसात फोन केला की पहिलं वाक्य हेच: किल्ली खिशातून काढू नका. धक्का स्टार्ट नको, गल्लीतला ओळखीचा मेकॅनिक नको, मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ बघून इंजिनाशी खटपट करणं तर नकोच. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण दोन दिवस थांबायला काही लागत नाही. पाण्याची रेघ आणि नंबर प्लेट एकाच फोटोत येईल असा फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. नदीकाठी, खाडीकाठी किंवा तळघरातलं पार्किंग असेल तर इंजिन प्रोटेक्ट घ्या. ते असलं तरी त्याच्या अटी वाचा आणि किल्ली फिरवू नकाच.

कर्जाच्या विम्याला घराचा विमा समजणं

त्याच आठवड्यात एका तळमजल्याच्या घरात गेलो. फ्रीज आडवा पडलेला, गव्हाचे डबे फुगून झाकणं उडालेली, भिंतीवर छातीएवढी ओल. मी शेजारच्या दुकानाच्या कामाला आलो होतो. नवरा-बायकोने हाक मारली, माळ्यावरून प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल काढली आणि म्हणाले, आमचाही विमा आहे, जरा बघता का? बँकेने कर्ज देतानाच उतरवला होता, चांगले चाळीसेक हजार कापून घेतले होते.

मी कागद वाचला. तो विमा नवऱ्याच्या आयुष्याचा होता. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फिटेल, एवढाच त्याचा अर्थ. भिंत, फरशी, फ्रीज, कपाट यांचा त्यात शब्द नव्हता. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे हे गेले असते तर पैसे मिळाले असते?" मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या घरात अशी फाईल असेल तर आज काढा. पॉलिसीवर माणसाचं नाव आणि वय आहे की घराचा पत्ता आणि क्षेत्रफळ, हे पहिल्या पानावरच कळतं. माणसाच्या विम्याने भिंत उभी राहत नाही.

घरासाठी खरी पॉलिसी स्वस्त आहे आणि तीच लोकांना माहीत नाही. १ एप्रिल २०२१पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आली. आग, वीज, पूर, वादळ, दरड, भूकंप, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं, सगळं मूळ पॉलिसीतच आहे. दरड आणि भूकंप हे शब्द कोकणात नुसते वाचून सोडायचे नसतात. ज्या दिवशी चिपळूण बुडालं त्याच दिवशी महाडजवळ तळिये गाव दरडीखाली गेलं, आणि १९६७चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत.

किती रकमेचा उतरवायचा, इथे दुसरी गफलत होते. लोक फ्लॅटचा बाजारभाव धरतात. जमीन वाहून जात नाही. पुन्हा बांधायला किती लागेल तेवढंच धरायचं. ६०० चौरस फूट कार्पेट आणि बांधकामाचा दर २,५०० रुपये धरला तर १५ लाख झाले. त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाखांचं सामान आपोआप धरलं जातं. आपोआप मिळणाऱ्या या रकमेला १० लाखांची मर्यादा आहे. जास्त सामान असेल तर यादी देऊन वाढवता येतं. भाड्याने राहणाऱ्यालाही फक्त सामानाचा विमा घेता येतो, आणि ज्यांचं सगळं त्या दोन खोल्यांतच आहे त्यांनी तो घ्यावाच. माझ्या स्वतःच्या घराचा वर्षाचा हप्ता माझ्या गाडीच्या हप्त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही.

मात्र साधी घरफोडी यात नाही. चोरी धरतात ती आग, पूर असं काही झाल्यानंतर सात दिवसांत आणि त्यामुळे झालेली. गावी जाताना घर महिनाभर बंद राहत असेल तर चोरीचा विमा वेगळा घ्या. दागिन्यांचं कव्हरही वेगळं मागावं लागतं. वर्षानुवर्षं झिरपणारी गच्ची कुठलीच कंपनी भरून देणार नाही, ती दुरुस्तच करावी लागते.

आणि सोसायटी! "आमच्या सोसायटीचा आहे विमा" असं सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला असतो. सोसायटीचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या कपाटाचा नाही. वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन तास जातात; त्यातली पाच मिनिटं सचिवांकडून पॉलिसी मागून रक्कम आणि तारीख वाचायला द्या.

गाडीच्या बाकीच्या चुका, थोडक्यात

थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं होणाऱ्या नुकसानीचा विमा, स्वस्तात शोधत फिरू नका. त्याचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२मध्ये तो वर्षाला ३,४१६ रुपये ठरला होता, कुठल्याही कंपनीकडे तेवढेच. माझ्या मते सगळ्यात मोलाचा विमा हाच. तुमच्या गाडीखाली माणूस सापडला तर न्यायाधिकरण लाखोंची भरपाई ठरवू शकतं, आणि मृत्यू-दुखापतीच्या त्या रकमेला या विम्यात वरची मर्यादा नाही. बारा वर्षांच्या, लाखभर किमतीच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी ठेवलीत तरी मी नावं ठेवणार नाही. पण थर्ड पार्टी ठेवून "गाडीचा विमा आहे" असं समजू नका. पुरात तुमच्या गाडीचा एक पैसा येणार नाही.

हप्ता हजाराने कमी व्हावा म्हणून आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) खाली आणू नका. गाडी चोरीला गेली की त्याच आकड्यावर हिशेब होतो.

तीन हजारांच्या ओरखड्याचा क्लेम करू नका. पाच वर्षं क्लेम न केल्यावर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० असेल तर तुम्ही ६,००० भरत असता. एका क्लेमने पुढच्या वर्षी पुन्हा १२,००० आणि मग २० टक्क्यांपासून चढण.

मुदत संपून ९० दिवस गेले की तोच एनसीबी शून्य होतो.

जुनी गाडी घेतली तर आरसीबरोबर पॉलिसीही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला द्या. मित्राची आहे, नंतर करू, असं म्हणू नका.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे चढवा.

पांढऱ्या पाटीच्या गाडीतून गणपतीला मुंबईहून भाडं मारू नका. अपघात झाला आणि मागच्या सीटवरच्याने "आम्ही प्रत्येकी आठशे दिले" असं सांगितलं की तुमच्या गाडीचा क्लेम तिथेच अडकतो.

पाहणीच्या आधी सगळं साफ करणं

पुरानंतर घर धुवायची घाई मला समजते. वास सहन होत नाही, लेकरं असतात. पण मी पोचतो तेव्हा गाद्या, टीव्ही, मिक्सर कचऱ्याच्या ढिगात गेलेले असतात आणि मी कागदावर काय लिहू? फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. मशीनची मागची, मॉडेल नंबर असलेली पट्टी दिसेल असा काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसण्याआधी तिच्याशेजारी टेप धरून एक फोटो. तलाठी पंचनाम्याला आले तर त्याची प्रत मागून घ्या.

एवढं करूनही क्लेम नाकारला तर भांडायला वकील लागत नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं. माझ्या अहवालाची प्रतही तुम्हाला मागता येते. लोक ती मागत नाहीत, मागा.

माझ्या घरी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी बायको एकेक कपाट उघडत जाते आणि मी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढतो. फ्रीजची, टीव्हीची, शिलाई मशीनची बिलं त्यातच येतात. वीस मिनिटं लागतात. व्हिडिओ आणि दोन्ही पॉलिसींचे नंबर त्याच दुपारी कऱ्हाडला बहिणीच्या फोनवर जातात, कारण चिपळुणात त्या दिवशी कितीतरी जणांचे फोनही घराबरोबर पाण्यात गेले होते.