लिगामेंट गेलेल्या खेळाडूला साथ देताय? या चुका टाळा

भातकापणी आटोपून शेतं मोकळी झाली की आमच्या रायगडात कबड्डीच्या रात्री सुरू होतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री आमच्या मंडळाच्या डाव्या कोपऱ्याने, म्हणजे डाव्या टोकाला उभं राहून पकड करणाऱ्या पोराने, चढाईपटूचा घोटा धरला. त्याचा स्वतःचा पाय मॅटवर घट्ट रोवलेला, वरून दोघे अंगावर आले, अंग फिरलं आणि गुडघा तिथेच राहिला. कट्ट असा आवाज मला गुणलेखकाच्या टेबलापाशी ऐकू आला. त्याला उचलायला अख्खं गाव धावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पडवीत चपलांचा ढीग होता.

ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात मी एका दुपारी सहज त्याच्याकडे गेलो. पडवीत फक्त त्याच्या आईच्या चपला. तो टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन मांडी आवळत बसला होता, तोंडाने दहा मोजत होता. मला बघून सहावर थांबला आणि त्याचे डोळे भरून आले. आम्ही सगळे पहिल्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. त्यानंतर कबड्डी, खो-खो आणि फुटबॉलच्या बऱ्याच जखमी पोरापोरींसोबत मी फिजिओच्या दारात बसलोय. तिथे पाहिलेल्या आणि आमच्याच हातून झालेल्या चुका इथे लिहितो.

“चालवून बघ, मोकळा होईल”

हे वाक्य मैदानावर कुणीही उच्चारू नये. गुडघ्यात आवाज झाला आणि दोन-चार तासांत तो टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचलंय असं धरून चाला. अशा गुडघ्यात पुष्कळदा एसीएल, म्हणजे सांध्याच्या मधोमध असलेली, हाडांना जोडून स्थैर्य देणारी लिगामेंट, तुटलेली असते. चिकटपट्टी गुंडाळून पुढच्या सामन्याला उतरवलं की मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादीही फाटू शकते, आणि मग सोपं दुखणं अवघड होऊन बसतं.

हाडवैद्याकडे नेऊन गुडघा “बसवून” घेणं ही दुसरी चूक. हाड सरकलेलंच नसतं, तर बसवणार काय? तिसरी चूक सुशिक्षित घरांतही होते. एक्स-रे स्वच्छ आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. सूज थोडी उतरल्यावर अस्थिरोगतज्ज्ञाने हाताने तपासायला हवं आणि त्यांनी सांगितलं तर एमआरआय करायला हवा. तोवर आधार द्यावा, पाय उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावावा. तेल चोळू नये, शेक देऊ नये.

एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिथे चुकीला माफी नाही. खेळाडू मानेवर किंवा पाठीवर आपटला असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा हालचाल होत नसेल, तर हातपाय धरून झोळी करून उचलू नका. डोकं आणि मान आहे तशी स्थिर धरा, गर्दी मागे सारा, १०८ ला फोन लावा आणि स्ट्रेचर येईपर्यंत थांबा. सामना अर्धा तास थांबला तर थांबला.

गुडघ्याखालची उशी

ऑपरेशन होऊन पोरगा घरी आला की आई पहिलं काम करते ते गुडघ्याखाली मऊ उशी सरकवण्याचं. बरंही वाटतं त्याला, कारण किंचित वाकलेल्या गुडघ्यात दुखणं कमी असतं. पण पहिल्या काही आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर तो पुढे महिनोन् महिने सरळ होत नाही, पोर लंगडत चालू लागतं आणि मांडीचा स्नायू जागाच होत नाही. उशी हवी ती टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली येतो. हे आईला रागावून सांगू नका. डिस्चार्जच्या दिवशी फिजिओकडून तिच्यासमोरच करून घ्या. आमच्याकडच्या आया एकदा पाहिलं की आयुष्यभर विसरत नाहीत.

मालिशवाल्याला बोलावण्याचंही तसंच. ऑपरेशननंतर पोटरी दुखायला, सुजायला, गरम लागायला लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. चोळून ती सुटली आणि फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशी पोटरी, ताप, टाक्यांतून येणारा स्राव किंवा अचानक लागलेली धाप यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

सगळी वर्गणी ऑपरेशनवर संपवणं

मंडळ वर्गणी काढतं, आजी-माजी खेळाडू हात सैल सोडतात, पैसे जमतात आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर संपतात. ऑपरेशन तासा-दोन तासांचं असतं. फिजिओथेरपी नऊ महिने चालते, आणि खेळाडू परत उभा राहतो तो तिच्या जोरावर. आमच्या कोपऱ्याला तिसऱ्या महिन्यात फिजिओ परवडेना, तर तो कुणाला न सांगता जायचा थांबला. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून स्वतःच व्यायाम करत होता. आम्हाला ते कळलं तेव्हा पाच आठवडे वाया गेले होते.

आता आम्ही जमलेल्या रकमेतला निम्मा भाग बाजूला काढतो आणि फिजिओला दर महिन्याला थेट देतो. हिशेबाची वही दोघांकडे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, ते भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारावं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तेही आधीच बघावं. केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा क्रीडापटू कल्याण निधी हलाखीतल्या नामवंत खेळाडूंसाठी आहे. गावपातळीच्या पोराने त्यावर विसंबून राहू नये. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी मात्र सगळ्या खेळाडूंचा अपघात विमा काढल्याशिवाय मैदान आखू नये, आणि त्या विम्यात उपचारांचा खर्च धरलाय की फक्त मृत्यू नि अपंगत्व, हे कागद वाचून बघावं.

आणखी एक. मदतीचा धनादेश देतानाचा फोटो काढायचाच असेल तर त्या पोराला आधी विचारा. कुबड्यांवर उभं राहून हार गळ्यात घालून घेणं प्रत्येकाला सोसत नाही.

मधल्या महिन्यांत कुणीच नसणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. तिसरा ते सातवा महिना म्हणजे ओसाड रस्ता असतो. दुखणं गेलेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात, बाहेरून पोरगा धडधाकट दिसतो. आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. त्याच्याच मांडीतून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून घेतलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली असते. ती आधी कमजोर होते आणि मग हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरून ती जिवंत होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती सगळ्यात नाजूक असते, त्यानंतरही बरेच महिने कच्चीच राहते, आणि पोराला मात्र वाटतं की आपण बरे झालो.

या काळात फळांची करंडी नको, सोबत हवी. आम्ही वार वाटून घेतले. सोमवारी एकजण मोटरसायकलवरून त्याला फिजिओकडे नेतो, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा. असा कच्चा गुडघा घेऊन एसटीची पायरी चढून बघा, मग मोटरसायकलची किंमत कळेल. नेणारा बाहेर फोन बघत बसत नाही, आत बसून त्याच्यासोबत आकडे मोजतो. दर पंधरवड्याला शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजतो, गुडघ्याच्या वाटीपासून वितभर वर, पेनाने केलेल्या खुणेवर. आमच्या कोपऱ्याची जखमी मांडी चार सेंटिमीटरने बारीक झाली होती. तीन आठवड्यांनी ती अर्धा सेंटिमीटर भरली, तेव्हा त्याने तो आकडा पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला. मैदानातल्या गुणांची सवय असलेल्या माणसाला असा एखादा आकडा लागतो.

त्याला मंडळात काम द्या, पण विचारून. कुणी गुणपत्रक लिहितो, कुणी सामन्याचं चित्रीकरण करून समोरच्या चढाईपटूच्या सवयी टिपतो, कुणी लहान मुलांची पकड घडवतो. काहींना सुरुवातीला मैदानाच्या कडेला बसणंच असह्य होतं. तेव्हा ओढून नेऊ नका. व्हॉट्सअॅपच्या संघाच्या गटातून त्याचं नाव मात्र काढू नका. “फक्त खेळणाऱ्यांचा नवीन गट” काढला की कुणालाही न बोलता कळतं, आपण कुठे आहोत ते.

“कधी उतरतोस मैदानात?” हा प्रश्न प्रेमापोटीच येतो. पारावर, दुकानात, लग्नात दिवसातून दहादा येतो आणि दहादा सलतो, कारण त्याच्याकडे उत्तर नसतं. “आज व्यायाम काय केलास?” असं विचारा. त्याचं उत्तर त्याच्याकडे असतं.

विनेशचं उदाहरण अर्धवट सांगणं

कुस्तीपटू विनेश फोगाट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत गुडघा जाऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने तोवर एकही आंतरराष्ट्रीय लढत न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवलं. हे सांगताना आपला ऊर भरून येतो, यायलाच हवा. पण हेच उदाहरण गावातल्या पोराच्या तोंडावर फेकलं की ते ओझं होतं. तिच्या पाठीशी फिजिओ, आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक होते. आपल्या पोराला सकाळी कंपनीची पाळी असते आणि संध्याकाळी साडेपाचची एसटी. उदाहरण द्यायचंच तर तिने गाळलेल्या घामाचं द्या, महिन्यांच्या हिशेबाचं देऊ नका.

“फक्त एकच चढाई”

सहावा महिना उजाडतो, गावच्या जत्रेची स्पर्धा येते, समोर शेजारच्या गावाचा संघ असतो, दोन गुण कमी असतात आणि सगळं मैदान त्याचं नाव घेऊन ओरडायला लागतं. या क्षणी प्रशिक्षकाने आणि मंडळाच्या अध्यक्षाने त्याच्या वतीने नाही म्हणायचं असतं. तो स्वतः नाही म्हणणार नाही. म्हणूनच त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

अमेरिका आणि नॉर्वेतल्या खेळाडूंवर झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. वळण्या-फिरण्याच्या खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने पुढे ढकललं, तितकी दर महिन्याला पुन्हा गुडघा जाण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटत गेली, असं त्यात दिसलं. नऊ महिने भरले म्हणजे झालं, असंही नाही. जखमी पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांत दोन्ही पाय बरोबरीला यायला हवेत, आणि सर्जन नि फिजिओ दोघांनी लेखी परवानगी द्यायला हवी. कबड्डीत याच्याही पुढे एक पायरी आहे. आधी एकट्याने पदलालित्य, मग ठरवून केलेली पकड, मग अंगावर येणारी पकड, आणि शेवटी सामना. हा क्रम कोणत्याही जत्रेसाठी मोडायचा नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारी किंवा शासनाच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाकडे डोळे लावून बसलेली मुलं दुखापत लपवतात. वयाची मर्यादा जवळ येत असते, प्रमाणपत्रासाठी अजून एक स्पर्धा हवी असते. त्यांना “करिअरपेक्षा शरीर मोठं” असं ऐकवून उपयोग नाही. त्यांच्यासोबत बसा, कॅलेंडर उघडा, वयाची अट, पुढची स्पर्धा आणि नववा महिना एकाच कागदावर मांडा. वाटतं त्यापेक्षा वाट बऱ्याचदा मोकळी असते.

मुलींच्या बाबतीत

सारख्याच खेळात मुलींची एसीएल मुलांपेक्षा जास्त वेळा तुटते. आणि तुटली की घरी पहिली चर्चा ऑपरेशनच्या खर्चाची होत नाही, पायावरच्या व्रणाची आणि लग्नाची होते. “आता पुरे झालं खेळणं” हा निकाल चार दिवसांत लागतो, कधी ऑपरेशनच टाळलं जातं. प्रशिक्षक एकटा जाऊन वडिलांशी बोलला तर दार लवकर मिटतं. सोबत संघातली एखादी मोठी खेळाडू आणि तिची आई असावी. आणि खेळाचा विषय मागे ठेवून आधी चालण्याचा काढावा. डळमळता गुडघा घेऊन तिला जिने चढायचेत, कामावर जायचंय, पुढे लेकरं कडेवर घ्यायचीत. त्यासाठीही उपचार पुरे व्हायलाच हवेत. हे कळलेल्या आयांनीच पुढे मुलींना मैदानात परत पाठवल्याचं मी पाहिलंय.

गप्प झालेला खेळाडू

झोप उडणं, जेवण टाळणं, फोन न उचलणं, दारूची नवी सवय लागणं, “माझ्यावाचून काही अडत नाही” असं बोलणं. यातलं काही दिसलं तर “मन खंबीर ठेव” म्हणून निघून येऊ नका. त्याच्यापाशी बसा, घरच्यांना विश्वासात घ्या आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर त्याच्यासोबत बसूनच फोन लावा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

जो परतणार नाही, त्याच्याकडे पाठ फिरवणं

काहीजण परतत नाहीत. गुडघा जुळतो पण मन तयार होत नाही, किंवा दुसऱ्यांदा जातो, किंवा घरची जबाबदारी येते. आमचा कोपरा अकराव्या महिन्यात मैदानात उतरला, दोन सामने खेळला आणि म्हणाला, दादा, पकडीला हात जातो पण पाय मागे राहतो. आम्ही त्याला गळ घातली नाही. राज्य संघटनेच्या पंच परीक्षेचा अर्ज आणला, अभ्यासाला बसवलं. यंदा जत्रेत तो पांढऱ्या टी-शर्टमध्ये शिटी घेऊन उभा होता.

असा निर्णय कुणी घेतला तर मंडळाने त्याची जर्सी लगेच दुसऱ्या पोराच्या अंगावर चढवू नये. आधी त्याच्या घरी जावं, चहा घ्यावा आणि विचारावं, तुझा नंबर कुणाला द्यायचा? आमच्या कोपऱ्याने नाव सांगायला दोन महिने घेतले. तोवर ती जर्सी मंडळाच्या कपाटात घडी घालून ठेवली होती.