रग्बी लीगची गटवारी ठरवताना या चुका टाळा

स्पर्धा संपल्यावर भांडण होतं ते बहुतेक वेळा चिठ्ठ्यांवरून. ‘आमचाच गट अवघड कसा आला?’ चिठ्ठ्या मात्र क्वचितच दोषी असतात. गट किती, प्रत्येकात संघ किती, पुढे किती जाणार आणि बरोबरी झाली तर काय, हे नियमपत्रक कच्चं असेल तर लॉट्स कितीही प्रामाणिकपणे पाडा, कुणावर तरी अन्याय होणारच. म्हणून आधी नियमपत्रक, मग चिठ्ठ्या.

रग्बी लीगचा, म्हणजे १३ खेळाडूंच्या रग्बीचा, वर्ल्ड कप यासाठी उत्तम अभ्यास आहे, कारण त्याचा आराखडा सतत बदलत आला. २००० साली १६ संघ, २००८ मध्ये १०, २०१३ आणि २०१७ मध्ये १४, आणि कोविडमुळे २०२२ मध्ये खेळवलेल्या २०२१ च्या स्पर्धेत पुन्हा १६. प्रत्येक आराखड्याने एकेक चूक उघडी पाडली. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नऊ-नऊ खेळाडूंची ‘नाइन्स’ भरवणाऱ्यांना त्यातली प्रत्येक चूक ओळखीची वाटेल. कबड्डी किंवा टर्फ फुटबॉलची गटवारी करणाऱ्यांनाही.

असमान गटांतून असमान जागा

१४ संघ हा अडचणीचा आकडा. २०१३ आणि २०१७ मध्ये आयोजकांनी चार-चार संघांचे दोन गट आणि तीन-तीन संघांचे दोन गट केले. बलाढ्य संघ अ आणि ब गटांत, बाकीचे क आणि ड मध्ये. अ आणि ब मधून प्रत्येकी तीन संघ उपांत्यपूर्व फेरीत, क आणि ड मधून फक्त विजेता. दुबळ्या संघांची दाणादाण उडू नये, हा हेतू चांगलाच होता.

२०१७ मध्ये काय झालं ते पाहा. आयर्लंडने क गटात तीनपैकी दोन सामने जिंकले, इटलीविरुद्ध ३६-१२ आणि वेल्सविरुद्ध ३४-६. हरले फक्त पापुआ न्यू गिनीकडून, ६-१४ असे. चार साखळी गुण (विजयाला २, बरोबरीला १) घेऊन संघ घरी गेला. ब गटातल्या सामोआने एकही सामना जिंकला नाही. न्यूझीलंड आणि टोंगाकडून ते हरले, स्कॉटलंडशी १४-१४ अशी बरोबरी केली आणि एका गुणावर उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे ऑस्ट्रेलियाने त्यांना ४६-० ने हरवलं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. पण दोन विजय मिळवलेल्या संघाला हे कोणत्या तोंडाने समजावणार?

आणखी एक गुंता होता. क आणि ड गटांतल्या प्रत्येक संघाला तिसरा सामना मिळावा म्हणून या दोन गटांत आंतरगट सामने ठेवले, आणि त्यांचे गुण गटाच्याच तक्त्यात धरले. फिजीच्या वाट्याला वेल्स आलं आणि निकाल लागला ७२-६. पापुआ न्यू गिनीला अमेरिका मिळाली, ६४-०. म्हणजे एकाच तक्त्यातले संघ वेगवेगळ्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांवर गुण मिळवत होते. गुणफरकाला (केलेले गुण वजा दिलेले गुण) मग काय अर्थ उरतो?

तुमच्याकडे १४ संघ आले तर ४-४-३-३ जरूर करा, पण मानांकित संघ चारही गटांत वाटून टाका आणि प्रत्येक गटातून पहिले दोनच घ्या. साखळीचे १८ आणि बाद फेरीचे ७, असे २५ सामने होतात. तीनच्या गटातल्या संघाला एक सामना कमी मिळेल, ते नोंदणीच्या वेळीच सांगा. हरलेल्यांसाठी दुपारी मैत्रीपूर्ण सामना ठेवता येतो, फक्त त्याचा गुणतक्त्याशी संबंध ठेवू नका.

तीनचा गट आणि तिघांची बरोबरी

तीन संघांच्या गटात प्रत्येकी एक विजय ही शक्यता लोक हसण्यावारी नेतात. २००८ मध्ये तीन-तीन संघांचे दोन गट होते आणि दोन्हींत नेमकं तेच झालं. एका गटात फिजीने फ्रान्सला ४२-६ असं हरवलं, स्कॉटलंडने फिजीला १८-१६ असं आणि फ्रान्सने स्कॉटलंडला ३६-१८ असं. गुणफरक फिजी +३४, स्कॉटलंड -१६, फ्रान्स -१८. दुसऱ्या गटात टोंगाने आयर्लंडला २२-२०, आयर्लंडने सामोआला ३४-१६ आणि सामोआने टोंगाला २०-१२ असं हरवलं. तिथे आयर्लंड +१६ वर पुढे गेलं.

अशा वेळी ‘बरोबरी झाल्यास आपसातल्या सामन्याचा निकाल पाहावा’ एवढंच नियमात लिहिलं असेल तर काहीच सुटत नाही, कारण प्रत्येकाने एकेकाला हरवलेलं असतं. क्रम असा लिहा: साखळी गुण, मग बरोबरीतल्या संघांच्या आपसातल्या सामन्यांचे साखळी गुण, मग त्याच सामन्यांचा गुणफरक, मग पूर्ण गटातला गुणफरक, मग एकूण ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), आणि शेवटी नाणेफेक. सोबत एक वाक्य हवंच: तिघांपैकी एक संघ वेगळा झाला की उरलेल्या दोघांसाठी क्रम पुन्हा पहिल्यापासून लावायचा. हे वाक्य नसेल तर गुणलेखकाच्या टेबलापाशी गर्दी जमते.

तीनच्या गटाचा दुसरा धोका म्हणजे शेवटचा सामना. एक संघ खेळून मोकळा झालेला असतो, आणि मैदानावरच्या दोघांना नेमका कोणता निकाल सोयीचा आहे ते आधीच माहीत असतं. फिफानेही २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी तीन-तीनचे गट ठरवले होते. मार्च २०२३ मध्ये तो विचार सोडून चार-चारचे बारा गट केले. तुम्हाला तीनचा गट टाळता येत नसेल तर पहिल्या सामन्यात हरलेल्याला लगेच तिसऱ्या संघाशी खेळवा आणि जिंकलेल्याला शेवटी ठेवा. पहिला सामना बरोबरीत सुटला तर कोणता क्रम, तेही लिहून ठेवा.

बाद फेरीचा आराखडा घाईत आखणं

ही चूक सगळ्यांत कमी दिसते आणि सगळ्यांत जास्त बोचते. २०२२ मध्ये इंग्लंड आणि सामोआ एकाच गटात होते. सलामीला न्यूकॅसलमध्ये इंग्लंडने ६०-६ असा धुव्वा उडवला. चार आठवड्यांनी उपांत्य फेरीत पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले, आणि सामोआने गोल्डन पॉइंटवर (जादा वेळेत जो आधी गुण मिळवेल तो विजयी) २७-२६ असा सामना जिंकला. सामना अप्रतिम झाला, पण गटात एकदा खेळलेले संघ अंतिम फेरीआधीच पुन्हा भेटले ते आराखड्यामुळे. अ१ विरुद्ध ड२ (अ गटाचा पहिला, ड गटाचा दुसरा) आणि ड१ विरुद्ध अ२ या दोन लढतींचे विजेते उपांत्य फेरीत एकमेकांशी जोडले होते. ब आणि क गटांचंही तसंच. त्यामुळे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे दोन बलाढ्य गटविजेते उपांत्य फेरीतच भिडले. ऑस्ट्रेलियाने तो सामना १६-१४ असा जिंकला.

दुरुस्ती सोपी आहे. वरच्या भागात अ१–ड२ आणि ब१–क२, खालच्या भागात ड१–अ२ आणि क१–ब२. आता एका गटातले दोन संघ अंतिम सामन्याशिवाय भेटूच शकत नाहीत. कागदावर रेघा ओढून प्रत्येक गटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवून बघा. दोन्ही बोटं एकाच भागात आली तर आराखडा चुकला. हा कागद गटवारीच्या आधी जाहीर करायचा, साखळी संपल्यावर नाही. बाद फेरीत बरोबरी झाली तर गोल्डन पॉइंट किती मिनिटांचा आणि त्यातही गुण झाला नाही तर काय, हे त्याच कागदावर असू द्या.

शिळं किंवा परकं मानांकन

२०२१ च्या स्पर्धेचा ड्रॉ १६ जानेवारी २०२० ला बकिंगहॅम पॅलेसमध्ये निघाला. पहिला सामना झाला १५ ऑक्टोबर २०२२ ला. पावणेतीन वर्षांत संघ बदलतो. जेरोम लुआई, ब्रायन टोओ, स्टीफन क्रिक्टन यांच्यासारखे ऑस्ट्रेलियन लीगमधले नावाजलेले खेळाडू सामोआकडून उतरले आणि तो संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. आपल्याकडे हेच एका हंगामात घडतं. गेल्या वर्षीच्या उपविजेत्या मंडळाचे चार मुख्य खेळाडू दुसरीकडे गेलेले असतात, मानांकन मात्र मंडळाच्या नावावर तसंच राहतं. नोंदणी बंद झाल्यावर, खेळाडूंच्या याद्या हातात आल्यावरच मानांकन ठरवा. आमच्या मते १६ संघांत चारच मानांकित पुरेत. पाचव्या ते आठव्या क्रमांकाचा अंदाज कुणालाच धड येत नाही.

दुसरी गफलत म्हणजे चुकीच्या खेळाची क्रमवारी उचलणं. १३ खेळाडूंचं रग्बी लीग आणि १५ खेळाडूंचं रग्बी युनियन हे वेगळे खेळ आहेत. लीगची क्रमवारी इंटरनॅशनल रग्बी लीग काढते, युनियनची वर्ल्ड रग्बी. आपल्याकडे खेळलं जाणारं सेव्हन्स (सात-सात खेळाडूंचं) युनियनचं आहे. २०२५ मध्ये अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीगसुद्धा सेव्हन्सचीच. गुणपद्धतही तशीच वेगळी. लीगच्या वर्ल्ड कपमध्ये विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण. युनियनचे ४ गुण, चार ट्रायचा बोनस, सात किंवा कमी गुणांनी हरल्याचा बोनस हे इथे आणू नका.

चिठ्ठ्या अडकतात तेव्हा

एकाच मंडळाचे अ आणि ब संघ एका गटात नकोत, अशी अट असतेच. समजा, वाशीच्या एका मंडळाचा पहिला संघ ड गटात बसला आहे आणि दुसरा संघ शेवटच्या भांड्यात, म्हणजे चिठ्ठ्यांच्या शेवटच्या चौकडीत, आहे. भांड्यातल्या तीन चिठ्ठ्या अ, ब, क गटांत गेल्या आणि शेवटी उरली नेमकी तीच, जागा उरली फक्त ड मध्ये. मग कुणीतरी ‘अदलाबदल करू’ म्हणतो आणि तिथेच सगळा विश्वास जातो.

उपाय असा: अट असलेला संघ आधी बाहेर काढा, त्याला चालणाऱ्या तीन गटांच्या चिठ्ठ्यांतून त्याचा गट ठरवा, मग बाकीचे तीन संघ उरलेल्या जागांवर काढा. बंधनं जास्त असतील तर आदल्या दिवशी घरी दहा-बारा वेळा रंगीत तालीम करा, कुठे अडकतं ते कळेल.

मोठ्या फरकाची हाव

२००० साली ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असं हरवलं. गुणफरकावर पुढचं ठरणार असेल तर जिंकणारा संघ थांबत नाही, आणि नवख्या संघातली मुलं पुढच्या वर्षी येत नाहीत. नाइन्समध्ये एका सामन्यातला गुणफरक ३० पर्यंतच धरायचा नियम करा. खरा स्कोअर नोंदवा, तक्त्यात मात्र ३०.

वेळ आणि लोकल

नाइन्समध्ये नऊ-नऊ मिनिटांचे दोन भाग, दोन मिनिटं विश्रांती, संघ बदलायला वेळ आणि थोडी ढील धरून एका सामन्याला ३० मिनिटं द्या. चार गटांतल्या १६ संघांचे ३१ सामने (साखळीचे २४, बाद फेरीचे ७) एका मैदानावर साडेपंधरा तास घेतात, म्हणजे दोन दिवस. दोन मैदानं असतील तर एका दिवसात बसतं: पहिली फेरी सातला, दुसरी नऊला, तिसरी अकराला. दर अर्ध्या तासाला एकाच गटाचे दोन्ही सामने दोन मैदानांवर. यामुळे गटाचे शेवटचे सामने आपोआप एकाच वेळी होतात. एक ते साडेतीन उन्हाची सुट्टी, मग बाद फेरी. चार संघांच्या गटाचा क्रम १–४, २–३. मग १–३, २–४. शेवटी १–२, ३–४ असा ठेवा. म्हणजे दोन तगडे संघ शेवटी भिडतात.

रविवारी मेगाब्लॉक असतो आणि तो साधारण सकाळी उशिरा सुरू होतो. हार्बर, ट्रान्स-हार्बर किंवा कल्याणकडून येणाऱ्या संघाचा पहिला सामना साडेआठच्या पुढे जाऊ देऊ नका. वसई-विरारकडचे संघ घोडबंदर रस्त्याने येतात. गटांना वेळा नेमताना त्यांच्या गटाला सातची नको, साडेआठची द्या.

संघ आलाच नाही तर

जानेवारी २०२२ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एएफसी महिला आशिया कप चालू असताना भारतीय संघात कोविड पसरला. चिनी तैपेईविरुद्ध संघ उभाच करता आला नाही. भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचं धरलं गेलं आणि इराणविरुद्ध ०-० असा झालेला सामनाही रद्दबातल ठरला. नियम आधीच लिहिलेला होता, म्हणून तीन संघांवर आलेला गट पुढे चालू शकला.

तुमच्या नियमपत्रकात दोन वेगळी कलमं हवीत. उशीर झाला तर दहा मिनिटं थांबून प्रतिस्पर्ध्याला २४-० असा विजय. उशिरा आलेला संघ पुढचे सामने खेळू शकतो. आणि संघाने माघार घेतली तर त्याचे सगळे निकाल रद्द. या दुसऱ्या कलमाने माघार घेतलेल्या संघाला कष्टाने हरवणाऱ्याचं नुकसान होतं, हे खरं आहे. तरीही तेच बरं, कारण नाहीतर एकाला खेळून ८-६ असा विजय आणि दुसऱ्याला न खेळता २४-० मिळतो, आणि गट त्या आकड्यावर फिरतो. दोन गटांतल्या तिसऱ्या क्रमांकांची तुलना करायची असेल आणि एका गटात संघ कमी झाला असेल, तर दुसऱ्या गटातले तळाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळा. ही कलमं प्रवेश अर्जाच्या मागे छापा आणि संघ व्यवस्थापकाची सही तिथेच घ्या.