वॉशर पुढे सरकेनात, लिनिअर फीडरचा माझा अनुभव
रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये लिनिअर व्हायब्रेटरी फीडर आहे, म्हणजे थरथरत्या सरळ ट्रॅकवरून छोटे पार्ट पुढे सरकवणारं मशीन, तर झालं असं की ट्रॅक थरथरतोय, आवाजही येतोय, पण वॉशर जागच्या जागी नाचतायत. ऑपरेटरने थरथर कमीजास्त करायचा नॉब फुल्ल केला तर कॉइल (विजेचं चुंबक) आणि आर्मेचर (चुंबक ओढतं तो लोखंडी तुकडा) एकमेकांवर आपटायला लागले, म्हणून आधी तो खाली आणला.

खालच्या लीफ स्प्रिंग तिरक्या असतात ना, त्यामुळे ट्रॅक पुढे जाताना थोडा वरही उचलतो, वॉशरवर दाब येतो, घर्षण वाढतं आणि तो सोबत जातो, मागे येताना ट्रॅक खाली जातो, दाब कमी होतो आणि वॉशर मागे ओढला जात नाही. ५० हर्ट्झ सप्लायवर फुल वेव्हला (एसीच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरल्या तर) हे सेकंदाला १०० वेळा, हाफ वेव्हला (एकच अर्धी लहर) ५० वेळा. मला हे फार आवडतं, ना बेल्ट ना रोलर!

मग स्प्रिंग पुसून बघितल्या, एकीला क्लॅम्पपाशी बारीक क्रॅक. त्याच जाडीची टाकली, कारण जाडी बदलली की रेझोनन्स, म्हणजे ज्या वेगाला ट्रॅक सगळ्यात जोरात थरथरतो तो, सरकतो. ट्रॅकवर ऑइलचा चिकट थर होता तोही थिनरने पुसला, बोल्ट टाइट केले, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कॉइल आणि आर्मेचरमधला एअर गॅप सेट केला. आता निम्म्या नॉबवरच वॉशर सरळ पळतायत.