रक्तदाबाचं ऑस्की स्टेशन कसं लावावं

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला रक्तदाब मोजता येतो की नाही, हे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कळत नाही. कोरोटकॉफच्या, म्हणजे रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या आवाजांच्या, पाचही अवस्था घडाघडा सांगणारा मुलगा कफ (दंडाचा फुगवायचा पट्टा) मात्र सदऱ्याच्या बाहीवरूनच गुंडाळतो. म्हणून काम करताना बघायचं आणि बघितलं तेवढ्यालाच गुण द्यायचे. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ऑस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर (टेबलावर) ठरावीक वेळात एकेक काम करून दाखवायची परीक्षा, मांडली ती यासाठीच: काम, वेळ आणि गुणपत्रक सगळ्यांना सारखं.

आधी वेळ बघा. १२ स्टेशनं, प्रत्येकी ५ मिनिटं, बदलायला १ मिनिट; एक फेरी ७२ मिनिटांची. १०० विद्यार्थ्यांना ९ फेऱ्या लागतात, म्हणजे जवळजवळ ११ तास. त्यापेक्षा एकाच वेळी स्टेशनांच्या दोन रांगा लावाव्यात. मात्र दोन्हीकडच्या परीक्षकांनी आदल्या दिवशी एकाच विद्यार्थ्याला बघून एकमेकांना न विचारता आपापले गुण द्यावेत आणि फरक कुठे पडला ते बोलून घ्यावं. नाहीतर एक रांग सढळ हाताची, दुसरी कडक.

गुणपत्रक २० गुणांचं: ओळख व परवानगी २, मोजण्याआधीचे प्रश्न ३, बसण्याची स्थिती ४, कफ ३, नाडीवरून अंदाज ३, ऐकून मोजणं ३, नोंद करून पेशंटला सांगणं २. ‘पद्धत योग्य’ असं मोघम लिहू नका; ‘हात हृदयाच्या पातळीवर टेकवला’ असं डोळ्यांना दिसेल ते लिहा.

आधीच्या प्रश्नांत मुलं हमखास अडकतात. मिरज-सांगलीच्या ओपीडीत मावशींना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘नाही बाई.’ ‘मिश्री लावता का?’ विचारलं की, ‘सकाळ-संध्याकाळ लावते की.’ निकोटीन दोन्हीकडे तेच, आणि त्यानं रक्तदाब तात्पुरता वाढतो. पेशंटची भूमिका करणाऱ्या बाईंना हेच उत्तर शिकवून ठेवा. मिश्रीचं नाव घेऊन विचारणाऱ्यालाच त्याचा गुण. परगावच्या मुलांना ही चौकशी पोस्टिंगमध्येच शिकवायला हवी, परीक्षेत पहिल्यांदा नव्हे.

टेबलावर दोन मापांचे कफ ठेवा आणि जाड दंडाचा माणूस बसवा. कफमधल्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के हवी. लहान कफनं आकडा खोटा वाढतो, आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात. नाडीवरून अंदाज न घेता थेट स्टेथोस्कोप लावला, तर काहींच्या बाबतीत मध्येच आवाज बंद होतो त्या शांत टप्प्यात फसून वरचा आकडा कमी येतो. नाडी थांबते त्या आकड्याच्या ३० मिलिमीटर (पाऱ्याच्या) वर कफ फुगवून सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरनं हवा सोडायची. आकडा पडताळायला दोघांना एकदम ऐकू येणारा टीचिंग स्टेथोस्कोप वापरा. फरक ४ मिलिमीटरपर्यंत चालेल. दर पाच विद्यार्थ्यांनंतर पेशंट बदला, बिचाऱ्याचा दंड दुखतो.

गुणांशिवाय परीक्षकानं एकच शेरा द्यावा: नापास, काठावर, पास किंवा उत्तम. ‘काठावर’वाल्यांच्या गुणांची सरासरी काढली की स्टेशन अवघड होतं का वर्ग कच्चा, हे कळतं.

गुणपत्रक त्याच दिवशी मुलाला दाखवा. कफ चुकला असेल, तर योग्य मापाचा हातात देऊन तिथल्या तिथे पुन्हा मोजायला लावा.