ससे असलेल्या घरात कुत्र्याचं पिल्लू आणताना

सशांच्या घरात पिल्लू रुळवायचं तर आधी ध्येय ठरवून घ्या. दोघांची गट्टी जमली तर उत्तम, पण ती गृहीत धरून काही करू नका. ससा समोरून टुणटुण उड्या मारत गेला आणि पिल्लानं एकदा पाहून मान फिरवली, किंवा पिल्लू शेजारच्या खोलीत असताना ससा निवांत गवत चघळत राहिला, तर तुमचं काम झालं. पिल्लाला सशाबद्दल फारसं काही न वाटणं, यातच सशाची सुरक्षितता आहे. यासाठी साधारण दीड-दोन महिने लागतात. कधी त्याहून जास्त.

पिल्लू निवडताना

बीगल इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठीच पैदा केला गेला. डॅशहंड आणि बहुतेक टेरियर बिळात शिरून प्राण्याला धरण्यासाठी. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ हाउंड माळावर धावत्या सशाला नजरेनं हेरून गाठणारे. ही कुत्री वाईट नसतात, पण घरात ससे असतील तर त्यांचा विचार सोडा, असं आमचं स्पष्ट मत आहे. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर शिकवायला सोपे जातात, मात्र वस्तू तोंडात धरायची त्यांची सवय उपजत असते. दोन किलोच्या सशाला प्रेमानं तोंडात धरलं तरी त्याचा जीव जाऊ शकतो. गावठी पिल्लांमध्ये प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पिल्लाची आई मांजरांमागे, कोंबड्यांमागे धावते का, हे शक्य असेल तर पाहून घ्या.

आणताना वय ८ ते १० आठवडे असावं. पिल्लू नवीन गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास ओसरतो, त्यामुळे सशांचा वाससुद्धा याच काळात ओळखीचा झालेला बरा.

सशांची नसबंदी राहिली असेल तर पिल्लू येण्याच्या किमान महिना-दीड महिना आधी करून घ्या. नसबंदी न झालेली मादी आपल्या जागेसाठी आक्रमक होते आणि पिल्लाच्या नाकाला चावते. आजारी किंवा म्हाताऱ्या सशाच्या घरात पिल्लू आणणं लांबणीवर टाका.

जागेची तयारी

ससे जिथे आहेत तिथेच राहू द्या, पिल्लाची सोय दुसऱ्या खोलीत करा. सशांनाच हलवावं लागणार असेल तर दोन आठवडे आधी हलवा, म्हणजे नवी जागा आणि नवा प्राणी असे दोन धक्के एकदम बसणार नाहीत. बाल्कनीत ठेवण्याचा मोह टाळा. २८ अंशांच्या वर सशाला त्रास सुरू होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या बाल्कनीत उष्माघातानं ससा दगावतो. पावसाळ्यात ओलीमुळे पायाच्या तळव्यांना फोड येतात.

कुंपण दुहेरी लागेल. आतलं, सशांचं, ९० सेंटिमीटर उंच आणि तारेची जाळी २.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नसलेली. त्यापासून ६० सेंटिमीटरवर दुसरं, पिल्लाला अडवणारं. एकाच जाळीवर भागवलं तर पिल्लू नाक जाळीला लावून बसतं, ससा घाबरून उसळतो, जाळीवर आपटतो. जाळीतून बाहेर आलेलं सशाचं बोट चावलं जाण्याचे प्रकारही होतात. कुंपण भिंतीला क्लिपांनी बांधा, कारण हलकं प्लॅस्टिक कुंपण पिल्लू तीन महिन्यांचं झालं की ढकलून पाडतं.

आत लपायला खोकी ठेवा, प्रत्येक सशामागे किमान एक, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं. पाळीव ससा हा बिळं खोदून राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज आहे, त्याला पळायला दुसरी वाट लागते. एकच दार असलेलं खोकं सशाला सापळा वाटतं आणि तो त्यात जातच नाही. किराण्याचं जाड पुठ्ठ्याचं खोकं चालतं, पिना आणि टेप मात्र काढून टाका.

फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरा. घाबरलेला ससा टाइल्सवर घसरतो आणि मागच्या पायांचा जोर चुकीच्या ठिकाणी बसून त्याचा मणका मोडू शकतो.

औषधांचा घोळ होऊ देऊ नका

हा भाग घाईत वाचू नका, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत बऱ्याचदा फिप्रोनिल असतं. ते सशाला विषारी आहे, त्यानं झटके येऊन ससा मरतो. पिल्लाला थेंब टाकले की निदान दोन दिवस सशांची भेट बंद आणि त्याचं अंथरूण, टॉवेल सशांच्या खोलीबाहेर. डॉक्टरांना घरात ससे असल्याचं आधीच सांगा, म्हणजे ते दुसरं औषध सुचवतील. उलट दिशेचा धोकाही आहे. पिल्लाच्या खोकल्यासाठी दिलेलं अमॉक्सिसिलिन उरलंय म्हणून सशाला तोंडातून देऊ नका, त्यानं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावतो.

लसी नेहमीप्रमाणे: ६ ते ८ आठवड्यांना पहिली, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध वेळेवर द्या. पार्व्हो (कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा आजार) सशाला होत नाही, पण सशांच्या नाकात अनेकदा असणारे बोर्डेटेलाचे जंतू पिल्लाच्या खोकल्याला कारण ठरू शकतात. ससा शिंकत असेल तर भेटी थांबवा. पिल्लू सशांच्या लेंड्या हमखास खातं. त्यानं सहसा काही बिघडत नाही, मात्र त्याच्या शीच्या तपासणीत सशाचे परजीवी दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना ते सांगून ठेवा.

शेवटचं म्हणजे, ससे पाहणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. सगळ्याच दवाखान्यांत सशांचा अनुभव असतोच असं नाही, आणि अडचणीच्या वेळी रात्री दहा वाजता फोन करत बसायला वेळ नसतो.

पहिला आठवडा: फक्त वास

दोघांनी एकमेकांना पाहायचंच नाही. जुनी सुती ओढणी घेऊन पिल्लाच्या गालांवर, मानेवर दोन मिनिटं चोळा. तिचा तळहाताएवढा तुकडा सशांच्या कुंपणाबाहेर ठेवा आणि आत कोथिंबिरीची एक काडी द्या. ससा दहा मिनिटांत खायला लागला तर ठीक. खात नसेल तर तुकडा लांब न्या. रोज थोडा जवळ आणा. सशांचा कपडा पिल्लाजवळ द्यायचा तो हुंगण्यापुरता. चावायला लागलं की काढून घ्या, नाहीतर तो वास म्हणजे खेळणं हे समीकरण पक्कं होतं.

याच आठवड्यात दुसऱ्या खोलीत पिल्लाला तीन गोष्टी शिकवा: नाव घेतल्यावर तुमच्याकडे पाहणं, ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातलं सोडणं, आणि चटईवर बसून राहणं. बक्षीस वाटाण्याएवढं, उकडलेलं चिकन किंवा पनीर, मीठ-कांदा-लसणाशिवाय. एका वेळी दहा-बारा तुकडे, दिवसातून तीनदा, प्रत्येक सराव पाच मिनिटांच्या आत. ‘सोड’ पक्कं नसताना सशासमोर नेणं म्हणजे नशिबावर हवाला.

पहिली नजरभेट

वेळ सकाळी दहा-अकराची घ्या. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त हुंदडतात आणि धावपळ पाहिली की पिल्लाचं डोकं पेटतं. नाश्ता करून ससे बसलेले असावेत. पिल्लू फिरून, शू-शी करून, खेळून थोडं दमलेलं हवं. भुकेनं कासावीस नको आणि पोट तुडुंब भरलेलंही नको, नाहीतर बक्षिसात त्याचं लक्ष राहणार नाही.

घरात दोन माणसं लागतात. एक जण सशांपाशी जमिनीवर बसून कोथिंबीर देईल, दुसरा पिल्लाचा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि लीश (त्याला बांधलेली दोरी) सांभाळेल. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हार्नेस बरा, ओढ बसली तरी गळा आवळत नाही. टीव्ही आणि मिक्सर बंद, लहान मुलं दुसऱ्या खोलीत.

पिल्लाला बाहेरच्या कुंपणापासून ३ मीटरवर आणा. लीश सैल ठेवा, ताणलेली लीश पिल्लाला आणखी चेकाळवते. त्यानं सशाकडे पाहिलं की लगेच, ओढ लागायच्या आत, शांत आवाजात ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा तुमच्या पायाशी जमिनीवर टाका. तो घ्यायला पिल्लू वळेल. परत पाहिलं, परत शाब्बास, परत तुकडा. सात-आठ वेळा झालं की बरीचशी पिल्लं सशाकडे पाहून आपणहून तुमच्याकडे वळू लागतात. हाच तो क्षण ज्यासाठी सगळा खटाटोप आहे. त्यावर दोन तुकडे द्या आणि तिथेच भेट संपवा. एकूण तीन ते पाच मिनिटं. दिवसातून दोनदा पुरे.

पिल्लू तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नसेल तर अंतर कमी पडलंय. ओरडू नका, खेचू नका, एक मीटर मागे जा. सशासमोर ओरडा खाल्ला की ससा म्हणजे काहीतरी वाईट, अशी पिल्लाची धारणा होते आणि सशालाही तुमच्या आवाजाची धास्ती बसते.

सलग तीन दिवस पिल्लू शांत आणि ससे खात असतील तर अर्धा मीटर पुढे. एखादा दिवस बिघडला तर मागच्या अंतरावर परत. घाई करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटेल, पण एक पाठलाग झाला तर आठवड्याची मेहनत पाण्यात जाते.

कुणाच्या अंगावर काय वाचायचं

पिल्लू भुंकतंय, उड्या मारतंय हे दिसतं. त्याहून धोक्याचं म्हणजे अचानक गप्प होणं: तोंड बंद, अंग ताठ, एक पाय उचललेला, शेपूट स्थिर, नजर सशावर खिळलेली. ही शिकारीची सुरुवात आहे. नाव घेऊन दोन सेकंदांत वळलं नाही तर उचलून बाहेर न्या. पुढचे पाय पसरून, बूड वर करून खेळायला बोलावणंही सशासाठी निरुपद्रवी नाही. पिल्लाचा एक पंजा पाठीवर पडला तर मणक्याला इजा होते.

सशाचं दुखणं-घाबरणं गुपचूप असतं. मागचा पाय धप्पकन आपटणं ही उघड खूण. पण दगडासारखा स्तब्ध बसलेला, कान पाठीला चिकटवलेले, डोळे विस्फारलेले आणि नाकाची हालचाल थांबलेली असेल तर तो शांत नाही, थिजलेला आहे. कुशीवर लोळणं, अंग चाटणं, पाय पोटाखाली घेऊन पेंगणं ही खरी निवांतपणाची लक्षणं. सशाला हातात धरून पिल्लाला हुंगू देऊ नका. निसटायला तो लाथ मारतो आणि त्या लाथेनंच त्याचा कणा मोडतो. उताणं धरल्यावर निपचित पडतो तेसुद्धा भीतीनं.

जोडीनं राहणारे ससे घाबरल्यावर कधी कधी एकमेकांवरच धावून जातात. असं झालं तर भेटी आठवडाभर बंद.

लेंड्या मोजा

सशांचा ताण सगळ्यात आधी ट्रेमध्ये दिसतो. पिल्लू येण्याआधीच्या आठवड्यात ट्रे रोज ठरावीक वेळी झाडा आणि ढीग साधारण किती असतो ते डोळ्यांत बसवा. नंतर लेंड्या कमी, बारीक किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर भेटी थांबवा. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल, लेंड्या बंद असतील, पोक काढून बसून दात करकर वाजवत असेल तर आतड्याची हालचाल थांबली आहे. सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. पाठलाग झाला आणि जखम दिसली नाही तरी दिवसभर लक्ष ठेवा: मागचे पाय ओढतो का, खातो का. दात लागून बारीकसं भोक पडलं असेल तरी ते आत सडतं, डॉक्टरांना दाखवा.

कुंपण काढायचं का?

पिल्लू चटईवर पडून राहतं, ससा कुंपणाजवळ उडी मारून गेला तरी उठत नाही, असे सलग दोन आठवडे गेले तर लीशवर असताना कुंपण उघडून पाहता येतं. ससा आपणहून बाहेर आला तरच. पहिल्या भेटीत ससा पिल्लाच्या मागून येऊन शेपूट हुंगेल, पिल्लू वळू नये म्हणून तुकडे पुढे टाकत राहा. पाच मिनिटं, मग दोघं आपापल्या जागी.

सहा ते अठरा महिन्यांच्या वयात मात्र सगळं बदलू शकतं. तीन महिन्यांचं असताना सशाशेजारी झोपणारं पिल्लू आठव्या महिन्यात सशामागे धावतं, कारण अंगात ताकद आणि शिकारीची ओढ दोन्ही भरलेली असते. त्या काळात लीशवर परत जा आणि कुंपणाची उंचीही वाढवा, आता ते ९० सेंटिमीटर सहज ओलांडतं. सशांच्या खोलीजवळ चिवचिव वाजणारी खेळणी आणि चेंडूफेक नको.

काही घरांत हे जमतच नाही. दोन खोल्या, दोन वेळापत्रकं आणि बंद दार यावरही दोघं वर्षानुवर्षं सुखात राहतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. जिथे जमलंय तिथेही माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र ठेवू नका, पाच मिनिटांसाठी दूधवाल्याला दार उघडायला गेलात तरीही. सशांच्या खोलीला हँडलवर भरवसा न ठेवता वरच्या बाजूला कडी लावून घ्या, मोठी कुत्री पंजानं हँडल दाबायला लवकर शिकतात. घरातल्या मुलांना आणि कामाला येणाऱ्या ताईंना ती कडी दाखवून ठेवा.