परसबागेतून घुशी-उंदीर कसे हटवावेत

रताळ्याचा वेल वरून हिरवागार असतो, पानंही टवटवीत असतात. खणायला घेतलं की हाताला नुसती साल लागते, आतला गर घुशीने केव्हाच फस्त केलेला असतो. असा फटका बसला की माणूस तडक दुकानात जाऊन उंदरांचं औषध घेऊन येतो, आणि चुकतं ते इथेच. उंदीर बागेत टिकतात ते खायला आणि लपायला मिळतं म्हणून. या दोन सोयी तशाच ठेवून कितीही मारले तरी शेजारचे येऊन जागा भरतात. शिवाय मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. म्हणून क्रम सांभाळा: आधी ओळख, मग खाणं बंद, मग वाट बंद आणि त्यानंतर सापळा. घरच्या बागेत विष नकोच, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

१. कोण येतंय ते ओळखा

सकाळी झाडांना पाणी घालण्याआधी एक फेरी मारा. भिंतीच्या किंवा बांधाच्या कडेला ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला तर ती घूस. बऱ्याचदा ती आतून माती लोटून बिळाचं तोंड बंद करते, त्यामुळे भोक दिसलं नाही तरी ढीग पुरेसा आहे. कंदमुळं आणि भुईमुगाच्या शेंगा हे तिचं आवडतं खाणं. कोवळे नारळ देठाजवळ भोक पडून गळत असतील तर तो काळा उंदीर. तो चढण्यात पटाईत असतो आणि कौलांखाली, माळ्यावर, अगदी नारळाच्या शेंड्यातही घर करतो. दिवसाढवळ्या बिया उकरल्या जात असतील तर खारीवर संशय घ्यावा.

लेंड्याही बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर घरातला लहान उंदीर, अर्धा-पाऊण इंच असतील तर मोठा उंदीर किंवा घूस.

कोणती बिळं वापरात आहेत हे शोधायची शेतकऱ्यांची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं मातीने बुजवायची. सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं. बुजवताना फावडं वापरा, बिळात हात कधीही घालू नका. उंदरांमागे नाग, घोणस, धामण येतात आणि बिळातच मुक्काम करतात. साप दिसलाच तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. धामण बिनविषारी असते आणि मुख्यतः उंदरांवर जगते.

२. खाणं बंद करा

सगळ्यात मोठी खानावळ म्हणजे आपला कंपोस्टचा ड्रम. शिळा भात, पोळ्या, मासळीचे काटे, तेलकट उरलंसुरलं त्यात टाकलं की रात्री घुशींची पंगत बसते. ड्रममध्ये भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि सुका पालापाचोळा एवढंच जाऊ द्या. झाकण घट्ट हवं आणि हवेच्या भोकांवर आतून लोखंडी जाळी. ड्रम जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवला तर त्याखाली बीळ होत नाही.

कुत्र्या-मांजरांची खाण्याची भांडी अंधार पडायच्या आत उचला. पक्ष्यांना दाणे घालत असाल तर सकाळी, आणि दुपारपर्यंत संपतील एवढेच. गळून पडलेले चिकू, पेरू, आंबे रोज वेचा. पिकलेला टोमॅटो झाडावर ठेवू नका, रंग धरला की तोडून घरात पिकवा.

३. वाट आणि आडोसा बंद करा

लहान उंदराला पाऊण सेंटीमीटरची फटसुद्धा पुरते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची गरजच असते. म्हणून नायलॉनची हिरवी जाळी पक्ष्यांसाठी ठीक, उंदरांसाठी निरुपयोगी. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची गॅल्व्हनाइज्ड वेल्ड जाळी मागा. वाफा विटांचा किंवा लाकडी चौकटीचा असेल तर माती भरण्याआधी तळाशी ती अंथरा. हे काम एकदाच करावं लागतं आणि बीट, गाजर, रताळी खऱ्या अर्थाने वाचतात ती यानेच. जमिनीवरच्या वाफ्याभोवती जाळी लावायची तर साधारण एक फूट खोल गाडा आणि तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. घूस कडेने उकरत आली की तिथे अडते.

गच्चीवरची बाग असेल तर पावसाच्या पाइपांच्या तोंडाशी जाळी बसवा. भिंतीतली भोकं सिमेंटमध्ये काचेचे तुकडे मिसळून बुजवा. गच्चीला टेकणाऱ्या फांद्या हातभर मागे छाटा. नारळाच्या खोडाला जमिनीपासून सुमारे 2 मीटर उंचीवर 40 सेंटीमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला की उंदराला पकड मिळत नाही. मात्र शेजारच्या झाडाच्या झावळ्या भिडलेल्या असतील तर तो तिकडून येईल, हे ध्यानात ठेवा. विटांचे ढीग, जुनी लाकडं, उलटी ठेवलेली रिकामी कुंड्यांची रास हलवा. ठेवायचीच असतील तर भिंतीपासून फूटभर दूर आणि जमिनीपासून उचलून ठेवा.

४. मग सापळा

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. आज आणलेला पिंजरा आजच लावला तर बहुधा रिकामाच राहतो. तीन-चार रात्री पिंजऱ्याचं दार उघडं बांधून आत खाणं ठेवा. ते निर्धास्तपणे खाल्लं जाऊ लागलं की मग चाप चढवा. आमिष म्हणून भजं चालतं, विस्तवावर भाजलेला सुक्या खोबऱ्याचा तुकडा त्याहून चांगला. वास दूर जातो. तो तारेने घट्ट बांधा, नाहीतर उंदीर अलगद काढून नेतो. पिंजरा भिंतीला लागून ठेवा, कारण उंदीर मोकळ्यातून न जाता कडेकडेने पळतो.

चिकट पुठ्ठे बागेत लावू नका. पाली, सरडे, चिमण्या, खारी चिकटून तासन्‌तास तडफडतात. लहान मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या हाती लागणार नाही अशा पेटीत ठेवला तर लोखंडी स्प्रिंगचा चाप त्यापेक्षा कमी क्रूर, तो क्षणात काम संपवतो.

आता विषाबद्दल. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात मिसळून विषारी वायू तयार करतं आणि त्यावर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, मग त्याला घुबड किंवा मांजर खातं आणि तेही बाधतं. गव्हाणी घुबड हा आपला सगळ्यात कामसू राखणदार, त्यालाच मारण्यात काय अर्थ? उंदीर पळवायला ठेवलेल्या डांबरगोळ्या मुलांनी तोंडात घातल्या तर धोका आहे. आणि आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांना ते लवकरच सरावतात.

५. हात आणि पाय सांभाळा

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात त्याचे रुग्ण दरवर्षी आढळतात. साचलेल्या पाण्यात गमबूट घालूनच उतरा. लेंड्या सुक्या झाडू नका, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आधी भिजवा आणि हातमोजे घालून पुसा. पावसात भिजून काम केल्यानंतर ताप आणि पोटऱ्यांत वेदना आल्या तर डॉक्टरांना बागकामाचं आवर्जून सांगा.

आणि गोगलगायी

पावसाळ्यात उंदरांइतकाच उपद्रव शंखी गोगलगायींचा. 2022 च्या जुलैमध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली, त्यापुढे घरचा मेथी-पालक म्हणजे एका रात्रीचं काम. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. कडेने टाकलेली चुन्याची पट्टी कोरड्या दिवसांतच उपयोगी पडते, पाऊस आला की पुन्हा टाकावी लागते.

मावा आणि पिठ्या ढेकूण यांना 5 टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे. 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा.