वजन जास्त आहे आणि हाफ मॅरेथॉन करायचीय? मग हे वाचा

आधीच सांगते, हे वजन कमी कसं करायचं त्यावर नाहीये, त्यासाठी फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी लिंबू-मध-कोमट पाणी येतंच. हे नव्वद, शंभर, एकशेवीस किलोवाल्यांसाठी आहे, ज्यांना आहे त्या वजनात २१.१ किमी पूर्ण करायचेत आणि ज्यांना घरापासून ऑफिसपर्यंत सगळे सांगतायत की "आधी वजन उतरव, मग पळ बाई".

रेसला तुमच्या वजनाशी घेणंदेणं नसतं, तिला घड्याळ कळतं. म्हणून पहिलं काम म्हणजे रेसचा कटऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची वेळ, बघणं, टीशर्टचा रंग आणि मेडलचा फोटो नंतर. गणित सोपंय. ताशी ६ किमीने म्हणजे १० मिनिटाला एक किलोमीटर असं नुसतं भरभर चाललात तरी हाफ तीन तास एकतीस मिनिटांत होते. कटऑफ साडेतीन असेल तर एका मिनिटाने हुकते, वर पाण्याला थांबणार, टॉयलेटला थांबणार. पण १ मिनिट हळू जॉगिंग आणि २ मिनिटं चालणं असं शेवटपर्यंत करत राहिलात तर तीन तास वीसच्या आसपास येता. कटऑफ तीन तासांचा असेल तर किलोमीटरला साडेआठ मिनिटं लागतात, तो पहिल्या वर्षी सोडून द्या. आणि आणखी एक, कटऑफ बरेचदा पहिल्या गनपासून, म्हणजे रेस सुरू झाल्याच्या इशाऱ्यापासून मोजतात, तुम्ही मागच्या गर्दीत उभे असाल तर स्टार्ट लाइन ओलांडेपर्यंतच दहा मिनिटं गेलेली असतात, तर आयोजकांना आधीच मेल टाकून विचारा की वेळ गनपासून की चिपपासून, म्हणजे तुम्ही स्वतः स्टार्ट लाइन ओलांडल्यापासून.

पहिली हाफ सपाट रस्त्याची घ्या. सातारा हिल हाफ मॅरेथॉन लई भारी रेस आहे, मान्य, पण यवतेश्वरचा घाट चढण्यापेक्षा उतरताना मांड्या आणि गुडघे जास्त बोंबलतात, वजन असलं की अजूनच, ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

आता डॉक्टर. तपासणी करायचीच, यात नखरे नकोत: बीपी, शुगर, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हार्टची टेस्ट. फक्त प्रश्न नीट विचारा. "मी पळू का?" विचारलंत तर वजनकाट्याकडे बोट दाखवून "आधी पंधरा किलो उतरवा" ऐकून घरी याल. त्यापेक्षा "माझ्या हार्टला आणि बीपीला हळू पळण्यात अडचण दिसतेय का, असेल तर नेमकी कुठली, चालू गोळ्यांवर काही फरक पडतो का" असं विचारा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळतं. अमेरिकेत मार्टिनस इव्हान्स म्हणून एक रनर आहे. २०१२ मध्ये डॉक्टरने त्याला वजनावरून झापलं, हा म्हणाला मी मॅरेथॉन पळेन, डॉक्टर हसला. याचं वजन दीडशे किलोच्या वर. पुढच्या वर्षी त्याने डेट्रॉइटची फुल मॅरेथॉन केली आणि नंतर सगळ्यात हळू पळणाऱ्यांचा स्वतःचा क्लबच काढला.

गुडघ्याचं भूत तर प्रत्येक मावशीकडे तयार असतं. हौशी पळण्याने गुडघे झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, पण म्हणून पहिल्याच आठवड्यात पाच किमी ताणू नका, जास्त वजनाच्या नवख्याची नडगी आणि टाच लवकर कुरकुरते हेही खरंच आहे. आधी महिना-दीड महिना फक्त चाला, रोज नाही, एक दिवसाआड. मग वर सांगितलेलं जॉग-चाल चालू करा. ही पद्धत कुणी "चालणाऱ्यांची पळवाट" म्हणालं तर सांगा की ती लोकप्रिय केली जेफ गॅलोवेने आणि तो १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला अमेरिकेच्या टीममध्ये १०,००० मीटरसाठी होता. वेग किती? पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून तुटक तुटक येत असेल तर हळू करा. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथेच थांबायचं, त्या दिवशी हिरोगिरी नाही.

आणि ज्याबद्दल रनिंग ग्रुपात कुणीच बोलत नाही ते, मांड्या काचणं! मुंबईच्या दमट हवेत तासाभरात मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी सोलून निघते, मग आंघोळीला पाणी लागलं की जी किंकाळी निघते ती शेजारी ऐकतात. सैल शॉर्ट्सच्या आत गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी घट्ट सायकलिंग शॉर्ट घाला, शिवण आतून बोचतेय का हात फिरवून बघा, निघायच्या आधी व्हॅसलीन मांड्या, काखा, बायकांनी ब्राच्या पट्टीखाली, पुरुषांनी निपलला, कंजुषी न करता. लांब रनला छोट्या डबीत सोबत घ्या, मध्ये परत लावायला लागतं. रेसचा फुकटचा टीशर्ट मात्र रेसला घालू नका, एक्सएल म्हणून देतात आणि पोटावर एमसारखा बसतो, त्यात तो नवा कोरा, तीन तासात हमखास काचतो. बूट दुकानात संध्याकाळी जाऊन घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि रुंद पंजाचा पर्याय मागा.

आता लोक. टोमणे मारणारे सोपे असतात, टपरीवरून "ओ टेम्पो, साइड द्या" आलं की पुढे जायचं, त्या पोरांना उत्तर द्यायला थांबलात तर जॉगची लय तुटते, एवढाच तोटा. जास्त अवघड असतात ते कौतुकवाले. "तुम्हाला बघून खूप प्रेरणा मिळते हो" असं ट्रॅकवर अनोळखी माणूस म्हणतो, त्याच्या मनात चांगलंच असतं पण अर्थ असा की तू इथे असणंच आश्चर्य आहे. थँक्यू म्हणायचं आणि लगेच विचारायचं, "तुम्ही कुठली रेस करताय?" गप्पा सरळ रनिंगवर येतात. "किती किलो उतरले?" या प्रश्नाला किलोमीटर सांगायचे, "या रविवारी १४ झाले". दोन-तीनदा केलं की समोरचा शिकतो. पुण्यात लाँग रननंतर मिसळ हा विधीच आहे, तिथे बारीक रनरने दोन प्लेट खाल्ल्या तर "भूक लागते बुवा" आणि तुम्ही एक खाल्लीत तर "जाळलेलं सगळं परत आलं". खा. दीड तासाच्या वरच्या रनला मध्येसुद्धा खायचं असतं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, जे पोटाला झेपेल ते.

रनिंग ग्रुप निवडताना कोच किती सर्टिफाइड वगैरे राहू दे, एकच विचारा, शेवटच्या माणसासोबत कोण असतं? "सगळे वेळेत येतात आमच्याकडे" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा.

मागे राहणाऱ्यांना हिणवणं फक्त आपल्याकडे नाही. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनला साडेसात तासांच्या पेसरसोबत (ठरलेल्या वेळेत पोचवायला सोबत पळणारा) असलेल्यांना साफसफाईच्या कंत्राटी लोकांनी जाडे, हळू म्हणून हिणवलं अशी तक्रार झाली, रस्ता धुणाऱ्या गाड्या यांच्या मागे लागल्या होत्या, शेवटी आयोजकांनी माफी मागितली. फी मात्र या लोकांनीही पूर्ण भरली होती.

त्यामुळे रेसच्या दिवशी मागे राहणारच असं धरून तयारी करा. पाण्याचे स्टॉल आवरलेले असू शकतात, केळी संपलेली असतात, म्हणून कमरेला बाटली, खिशात ओआरएसचं पाकीट, थोडं खाणं आणि घरी यायला पैसे. पण पाणी घटाघटा पिऊ नका हां. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या रनर्सपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं, आणि पळता पळता पाणी पिऊन वजन वाढलेले आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागलेले यांना तो धोका जास्त होता. आपण जास्त वेळ रस्त्यावर म्हणजे पाणी प्यायलाही जास्त वेळ, प्रत्येक स्टॉलवर ग्लास रिकामा करायचा नाही, तहान लागेल तेवढंच.

मागून अँब्युलन्स आणि स्वीपची, म्हणजे मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी हळूहळू येत असते, ड्रायव्हर दोनदा विचारतो "बसता का?" बरं वाटत असेल आणि वेळ शिल्लक असेल तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. कटऑफ गेलाच तर बसा, डीएनएफ (रेस अर्धवट सुटणं) काय सगळ्यांच्याच नावावर असतात. मेडल संपलंय असं फिनिशला सांगितलं तर गपचूप घरी येऊ नका, तिथल्या डेस्कवर बिब नंबर (छातीवर लावलेला रेसचा नंबर) लिहून द्या आणि त्याच संध्याकाळी टायमिंगच्या स्क्रीनशॉटसकट मेल टाका, नंतर कुरिअरने पाठवतात बरेच जण.